पिडेनंतरचा पोर्तुगाल: गुप्तचरांच्या कायद्याचे एक प्रकरण, गोव्यातून वाचलेले

सप्टेंबर २०१९ मध्ये लिस्बनच्या घटना न्यायालयाने एका कायद्याचा कणाच काढून घेतला. देशाच्या गुप्तचर सेवांना नागरिकांच्या फोन आणि इंटरनेट वापराच्या नोंदी मिळाव्यात, यासाठी पोर्तुगालच्या संसदेने दोन वर्षांपूर्वी तो मोठ्या बहुमताने संमत केला होता. यात कोणाचे बोलणे ऐकायचे नव्हते. कोणी कोणाला फोन लावला, कधी, किती वेळ, तेव्हा फोन कुठे होता, एवढीच माहिती हवी होती. आपले पोलीस ज्याला सीडीआर काढणे म्हणतात ती. तेवढ्यासाठीही सर्वोच्च न्यायालयाच्या न्यायाधीशांची आगाऊ परवानगी लागेल, अशी अट कायद्यातच होती. तरीही घटना न्यायालयाने त्यातला मुख्य भाग रद्द केला. त्याआधी २०१५ मध्ये असाच प्रयत्न याच न्यायालयाने पहिल्या पायरीवर थांबवला होता.

भारतात हीच नोंद गुन्ह्याच्या तपासासाठी पोलीस अधीक्षक दर्जाच्या अधिकाऱ्याच्या पत्रावर मिळते. दूरसंचार कंपन्यांनी ती किमान दोन वर्षे जपून ठेवावी, अशी परवान्याची अट डिसेंबर २०२१ पासून आहे.

या दोन वस्तुस्थितींमधले अंतर समजून घ्यायचे असेल तर पोर्तुगालचे प्रकरण मुळापासून पाहावे लागते. गोव्यात राहणाऱ्या माणसाला ते परक्या देशाचे वाटायचे कारण नाही. ज्या पोलिसांच्या आठवणीने पोर्तुगीजांनी आपल्या घटनेत हा अडसर घातला, त्या पोलिसांची ओळख आपल्या घराघरात आहे.

घटनेतले एक वाक्य कुठून आले

पोर्तुगालचा हुकूमशहा सालाझार याच्या राजवटीने १९४५ मध्ये आपल्या राजकीय पोलिसांना पिडे हे नाव दिले. पत्रे फोडणे, खबरे पेरणे, खटल्याशिवाय डांबून ठेवणे, छळ करून कबुली घेणे ही त्यांची रोजची कामे. गोव्यात सुरुवातीला हा कारभार इथलेच पोर्तुगीज पोलीस सांभाळत. पन्नाशीच्या दशकात पिडेही इथे आली. सेन्सॉरचा अंमल इतका की लग्नाच्या निमंत्रणपत्रिकाही छापण्याआधी मंजूर करून घ्याव्या लागत. १७ फेब्रुवारी १९५४ रोजी म्हापशातल्या एका मेजवानीत गोवा म्हणजे पोर्तुगालच, अशा अर्थाचे वाक्य कोणीतरी बोलले, आणि डॉ. पुंडलिक गायतोंडे यांनी ‘मी निषेध करतो’ एवढेच म्हटले. त्यासाठी त्या शल्यविशारदाला अटक होऊन पोर्तुगालला धाडण्यात आले. सांगलीहून आलेले, सावईवेऱ्यात मराठी शिकवणारे मोहन रानडे १९५५ मध्ये पकडले गेले. गोवा १९६१ मध्ये मुक्त झाला, तरी ते १९६९ पर्यंत पोर्तुगालच्याच तुरुंगात होते. ज्याच्या नावाने इथे लोकांच्या अंगावर काटा येई, तो पोलीस अधिकारी कासिमिरो मोंतेरो पुढे पिडेत गेला. १९६५ मध्ये स्पेनच्या हद्दीत विरोधी पक्षाचे नेते जनरल उंबेर्तो देलगादो यांची हत्या झाली, तिच्यात त्याचा हात होता. १९८१ मध्ये पोर्तुगीज न्यायालयाने त्याला गैरहजेरीत दोषी ठरवले.

एवढे तपशील द्यायचे कारण असे की गोव्यातल्या छळाची गोष्ट आणि पोर्तुगालमधल्या छळाची गोष्ट वेगवेगळी नाही. यंत्रणा तीच, माणसेही काही वेळा तीच. २५ एप्रिल १९७४ रोजी लिस्बनमध्ये लष्करातल्या तरुण अधिकाऱ्यांनी ती राजवट उलथवली, तेव्हा जमलेल्या लोकांवर पिडेच्या मुख्यालयातून गोळ्या झाडल्या गेल्या आणि चार जण मेले. (संघटनेचे कागदोपत्री नाव तोवर बदलले होते; लोकांच्या तोंडी पिडेच राहिले.) दोन वर्षांनी, १९७६ मध्ये, नवी राज्यघटना आली. तिच्या ३४व्या कलमात एक वाक्य बसले. त्याचा आशय असा: पत्रव्यवहारात आणि दूरसंचारात सरकारी यंत्रणेने हस्तक्षेप करायचा नाही, अपवाद फक्त फौजदारी प्रक्रियेत कायद्याने ठरवून दिलेल्या बाबींचा.

या वाक्यात राष्ट्रीय सुरक्षेचा अपवाद नाही. ‘सार्वजनिक हित’ नाही, ‘आणीबाणीची परिस्थिती’ नाही. गुन्हा असेल, खटल्याची प्रक्रिया असेल, तरच सरकारने तुमच्या फोनला हात लावायचा.

आपल्या घटनासमितीतही १९४७ मध्ये सोमनाथ लाहिरी यांनी पत्रव्यवहाराची गोपनीयता मूलभूत हक्कांत घालावी अशी सूचना मांडली होती. ती स्वीकारली गेली नाही. खासगीपणा हा मूलभूत हक्क आहे, हे सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायाधीशांनी एकमुखाने सांगायला ऑगस्ट २०१७ उजाडावा लागला.

नऊ-दहा वर्षांची पोकळी आणि १९८४ चा कायदा

क्रांतीनंतर पोर्तुगालने पिडे बरखास्त केली आणि तिच्या जागी नागरी गुप्तचर सेवा लगेच उभी केली नाही. लोकांना त्या कल्पनेचीच शिसारी होती. पण जग थांबत नाही. एप्रिल १९८३ मध्ये आल्बुफैरा इथे आंतरराष्ट्रीय समाजवादी संघटनेची परिषद चालू असताना पॅलेस्टिनी नेते इसाम सरतावी यांना हॉटेलातच गोळ्या घालण्यात आल्या. जुलैमध्ये लिस्बनच्या तुर्की वकिलातीवर सशस्त्र हल्ला झाला. देशातल्या देशातही एक डावी अतिरेकी संघटना बँका लुटत होती, बॉम्ब लावत होती. गुप्तचर सेवेशिवाय राहणे परवडणारे नाही, हे तेव्हा सगळ्यांना कळून चुकले.

इथे पोर्तुगालने जे केले ते मला या प्रकरणातले सर्वांत महत्त्वाचे वाटते. त्यांनी आधी कायदा केला, मग सेवा उभी केली. १९८४ चा ३० क्रमांकाचा कायदा हा त्यांच्या सगळ्या गुप्तचर व्यवस्थेचा पाया. गुप्तचर अधिकाऱ्याला कोणालाही अटक करता येणार नाही, फौजदारी तपास करता येणार नाही, पोलिसांचे किंवा न्यायालयाचे कोणतेही काम अंगावर घेता येणार नाही, हे त्यात स्पष्ट आहे. माहिती गोळा करणारा आणि माणसाला उचलणारा यांना कायमचे वेगळे केले, कारण पिडेमध्ये हे दोघे एकच होते. देखरेखीसाठी तीन सदस्यांची परिषद नेमली. ती संसद निवडते, आणि तीही दोनतृतीयांश बहुमताने. म्हणजे सत्ताधाऱ्यांना एकट्याने आपली माणसे तिथे बसवता येत नाहीत, मुख्य विरोधी पक्षाचे मन वळवावेच लागते. सेवांच्या संगणकात साठवलेल्या माहितीवर लक्ष ठेवायला तीन सरकारी अभियोक्त्यांची आणखी एक समिती.

आपला इंटेलिजन्स ब्युरो १८८७ मध्ये इंग्रजांनी सुरू केला. रॉ १९६८ मध्ये आली, तांत्रिक टेहळणीची राष्ट्रीय संस्था २००४ मध्ये. यांतल्या एकाही संस्थेचे अधिकार, कर्तव्ये, मर्यादा सांगणारा संसदेचा कायदा आजही नाही. १९८५ चा एक कायदा आहे. तो गुप्तचर संस्थांतल्या कर्मचाऱ्यांनी संघटना करू नये, बाहेर बोलू नये एवढ्यासाठी आहे. म्हणजे कायद्याने बांधले कोणाला, तर आतल्या कर्मचाऱ्यांना. संस्थेला नाही.

कायदा असूनही घडलेला गुन्हा

पोर्तुगालचे चित्र गुलाबी रंगवायचे नाही. २०११ मध्ये तिथल्या वृत्तपत्रांनी उघड केले की परदेशी गुप्तवार्ता सेवेने एका पत्रकाराच्या फोनच्या नोंदी बेकायदा मिळवल्या होत्या. सेवेतली बातमी कोण बाहेर देतो, हे शोधायचे होते. त्यासाठी दूरसंचार कंपनीतल्या आतल्या माणसाचा उपयोग करण्यात आला. म्हणजे २०१५ आणि २०१७ मध्ये जो अधिकार कायद्याने मागितला गेला, तो त्याआधीच चोरवाटेने वापरून झाला होता. संसदेने निवडलेल्या देखरेख परिषदेला याचा पत्ता लागला नव्हता. पत्रकारांनी शोधून काढले.

ही परिषदेची ढळढळीत त्रुटी होती, आणि तीन माणसांच्या समितीने सगळे ठीक होईल असे मानणाऱ्यांनी तिचा विचार करायलाच हवा. पुढे काय झाले तेही पाहा. खटला चालला. २०१६ मध्ये त्या सेवेचे माजी प्रमुख दोषी ठरले आणि त्यांना निलंबित कारावासाची शिक्षा झाली. गुप्तचर प्रमुखाला सामान्य न्यायालयात आरोपी म्हणून उभे राहावे लागले, कारण त्याने मोडलेला नियम कायद्याच्या पुस्तकात लिहिलेला होता. नियमच लिहिलेला नसता तर त्या कृतीला गुन्हा कोणत्या आधारावर म्हटले असते?

पहिला प्रयत्न, दुसरा प्रयत्न

जानेवारी २०१५ मध्ये पॅरिसला शार्ली एब्दो या व्यंगसाप्ताहिकाच्या कार्यालयावर हल्ला झाला. युरोपभर गुप्तचरांचे अधिकार वाढवण्याची लाट आली. पोर्तुगालच्या उजव्या आघाडी सरकारने त्याच वर्षी विधेयक आणले: गुप्तचर सेवांना दूरसंचाराच्या नोंदी मिळाव्यात, आणि प्रत्येक मागणीला तीन न्यायाधीशांच्या आयोगाची पूर्वपरवानगी असावी. समाजवादी पक्षानेही साथ दिली. विधेयक संमत झाले. सही करण्याआधी राष्ट्राध्यक्ष कावाको सिल्वा यांनी ते स्वतःहून घटना न्यायालयाकडे तपासायला पाठवले. ते उजव्या गटातूनच आलेले होते, सरकार त्यांच्याच विचाराचे होते, तरी त्यांनी हे केले. त्याचे श्रेय त्यांना द्यायला हवे. न्यायालयाने ऑगस्टमध्ये उत्तर दिले. आयोगात न्यायाधीश बसले म्हणून ते काम फौजदारी प्रक्रिया होत नाही. आयोग ही प्रशासकीय संस्थाच राहते. घटनेतला अपवाद फक्त फौजदारी प्रक्रियेचा आहे. विधेयक घटनाबाह्य.

त्यानंतर सरकार बदलले आणि आंतोनियो कॉश्ता पंतप्रधान झाले. मडगावला त्यांच्या घराण्याचे घर आहे, हे गोव्यात नव्याने सांगायला नको. जानेवारी २०१७ मध्ये ते आले तेव्हा इथल्या वर्तमानपत्रांची पाने त्यांच्या छायाचित्रांनी भरली होती. त्यांचे वडील ओर्लांदो दा कॉश्ता मडगावात वाढलेले, लेखक, कम्युनिस्ट. पिडेने त्यांना एकदा नव्हे तर अनेकदा तुरुंगात टाकले होते. त्यांच्या मुलाच्या कारकिर्दीत, त्याच २०१७ च्या जुलैमध्ये, गुप्तचरांना नोंदी देणारा दुसरा कायदा संसदेत संमत झाला.

यात मला विश्वासघात दिसत नाही. पॅरिस, ब्रुसेल्स, नीस इथे माणसे मेली होती, आणि कोणत्याही पंतप्रधानाला आपल्या देशातल्या पुढच्या सकाळची काळजी असते. शिवाय हा मसुदा पहिल्यापेक्षा खूप काळजीपूर्वक लिहिलेला होता. आयोगाऐवजी सर्वोच्च न्यायालयाच्या फौजदारी शाखांचे अध्यक्ष आणि आणखी एक ज्येष्ठ न्यायाधीश यांचे प्रत्यक्ष न्यायपीठ परवानगी देणार होते. देशाच्या महाअभियोक्त्याला प्रत्येक वेळी कळवायचे होते. मागणी ठरावीक माणसाबद्दल, ठरावीक कारणासाठी. सरसकट जाळे टाकण्याला बंदी. समाजवादी आणि दोन्ही उजवे पक्ष बाजूने होते. विरोधात होते डावा गट, कम्युनिस्ट आणि हरित पक्ष, म्हणजे ज्यांच्या पाठिंब्यावर कॉश्तांचे सरकार उभे होते तेच. नवे राष्ट्राध्यक्ष मार्सेलो रेबेलो द सौझा यांनी या वेळी न्यायालयाला न विचारता सही केली. मग त्या तीन पक्षांचे ३५ खासदार स्वतः न्यायालयात गेले. आपण टिकवून धरलेल्या सरकारच्या कायद्याविरुद्ध न्यायालयात जायचे आणि तरी सरकार पाडायचे नाही, हे संसदीय संयमाचे उदाहरण म्हणून लक्षात ठेवण्यासारखे आहे.

२०१९ च्या निकालाने कायदा तीन तुकड्यांत पाहिला. फोन कोणाच्या नावावर आहे आणि तो कुठे आहे, एवढी माहिती दहशतवाद, हेरगिरी, घातपात अशा नेमक्या कारणांसाठी मिळू शकते, हे न्यायालयाने राहू दिले. तीच माहिती ‘राष्ट्रीय संरक्षण’ आणि ‘अंतर्गत सुरक्षा’ अशा सैल कारणांसाठी मागता येणार नाही, असे सांगितले. आणि कोण कोणाशी कधी बोलले, ही रहदारीची नोंद तर परवानगी असो वा नसो, गुप्तचरांना द्यायची नाही. पुढे २०२२ मध्ये याच न्यायालयाने कंपन्यांनी सगळ्या ग्राहकांच्या नोंदी वर्षभर साठवाव्यात, हा २००८ चा कायदाही रद्द केला. घटनेचे कलमच बदलावे असा प्रयत्न नंतर सुरू झाला, पण संसद मुदतीआधी विसर्जित झाल्याने तो अर्धवट राहिला.

न्यायालय इतके अडून का बसले

सर्वोच्च न्यायालयाचे न्यायाधीश परवानगी देणार असतील तर अडचण कसली, हा प्रश्न रास्त आहे. मलाही तो बराच काळ सतावत होता. उत्तर ‘फौजदारी प्रक्रिया’ या शब्दांत आहे, आणि ते तांत्रिक नाही.

फौजदारी प्रक्रियेत सरकारने तुमचा फोन ऐकला, तर केव्हातरी ते तुमच्यासमोर येते. आरोपपत्र येते, पुरावा दाखवावा लागतो, वकील तो उलटतपासतो. पोलिसांची चूक असेल तर ती उघड्यावर सापडते. याचे उदाहरण कॉश्तांच्याच बाबतीत घडले. नोव्हेंबर २०२३ मध्ये एका भ्रष्टाचार प्रकरणाच्या तपासात त्यांचे नाव आले आणि त्यांनी राजीनामा दिला. काही दिवसांतच अभियोक्त्यांना कबूल करावे लागले की ऐकलेल्या एका फोनच्या टिपणात ‘आंतोनियो कॉश्ता’ लिहिले गेले, पण बोलणाऱ्याच्या मनात होते अर्थव्यवस्था खात्याचे मंत्री आंतोनियो कॉश्ता सिल्वा. त्या एका चुकीमुळेच राजीनामा आला, असे म्हणता येणार नाही. पण देशाच्या पंतप्रधानाच्या नावाची गल्लत होऊ शकते, तर तुमच्या-माझ्या नावाची किती सहज होईल! ही गल्लत सापडली, कारण ते कागद बचाव पक्षाच्या हाती आले.

गुप्तचरांच्या फाइलला बचाव पक्ष नसतो. परवानगी देणाऱ्या न्यायाधीशासमोर एकच बाजू बोलते. जिच्याविषयी चालले आहे त्या व्यक्तीला ना तेव्हा कळते, ना नंतर. न्यायाधीश कितीही ज्येष्ठ असला तरी त्याला समोरून दुरुस्त करणारे कोणी नसते. मला वाटते, लिस्बनच्या न्यायालयाने ज्याला नकार दिला तो हाच एकतर्फी अंधार.

तरीही निकालाची किंमत आहे आणि ती नाकारून चालणार नाही. पोर्तुगालच्या गुप्तचरांना जे मिळत नाही, ते युरोपातल्या बहुतेक देशांच्या गुप्तचरांना मिळते. दहशतवादाचा कट शिजत असताना ‘आधी गुन्हा नोंदवा’ म्हणणे कधीकधी उशिराचे ठरते. मी त्या संसदेत असतो तर २०१७ च्या मसुद्याला मत दिले असते, पण एका दुरुस्तीसह: टेहळणी संपली आणि कळवण्यात धोका उरला नाही की त्या माणसाला लेखी कळवलेच पाहिजे. जर्मनीत हा नियम दीर्घकाळ आहे. १९७८ मध्ये युरोपीय मानवाधिकार न्यायालयाने जर्मनीचा टेहळणीचा कायदा मान्य केला, तेव्हा अशा संरक्षणांचे वजन त्यात धरले होते. उशिरा का होईना, कळण्याचा हक्क असला की आतला अधिकारी पहिल्या दिवसापासून वेगळ्या रीतीने सही करतो.

पर्वरी आणि दिल्ली

गोव्याला सुरक्षेची चिंता नाही, असे कोणी म्हणू नये. दाबोळीला नौदलाचा तळ आहे, मुरगाव बंदर आहे, किनारपट्टीवर देशोदेशीचे पर्यटक आहेत. २६/११ चे मारेकरी समुद्रातूनच आले. २००९ च्या दिवाळीच्या आदल्या रात्री मडगावात स्कूटरवरच्या स्फोटकांनी दोन जीव घेतले. चांगली गुप्तवार्ता हवी आणि ती मिळवणाऱ्यांना साधने हवीत. पण २६/११ च्या आधी सागरी मार्गाने हल्ला होण्याचे इशारे आलेले होते. ते जोडून कोणी कृती केली नाही, ही त्या वेळची मुख्य तक्रार होती. कोणाची जबाबदारी कुठे संपते आणि कुठे सुरू होते, हे कायद्यात लिहिलेले असते तर त्याचा सुरक्षेलाही फायदा झाला असता. त्यानंतर उभारलेली नॅटग्रिडसारखी, वेगवेगळ्या खात्यांचे माहितीसाठे गुप्तचर आणि तपास संस्थांना जोडून देणारी मोठी व्यवस्थाही संसदेच्या कायद्याशिवायच चालते.

आपल्याकडे फोन ऐकण्याचा आदेश केंद्रात केंद्रीय गृहसचिव देतात, गोव्यात राज्याचे गृहसचिव. १८८५ च्या तार कायद्याखाली सरकारे मनमानी फोन ऐकत होती, म्हणून पीयूसीएल या नागरी हक्क संघटनेच्या याचिकेवर सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर १९९६ मध्ये बंधने घातली. ती पुढे नियमांत आली, आणि २०२३ चा दूरसंचार कायदा झाल्यावर डिसेंबर २०२४ च्या नव्या नियमांतही राहिली. आदेश ६० दिवसांचा, वाढवून कमाल १८० दिवसांचा. आदेशांचा आढावा घेणारी समिती मात्र राज्यात मुख्य सचिव, विधी सचिव आणि आणखी एक सचिव यांची. सचिवाने दिलेला आदेश सचिवांनीच तपासायचा. त्यात न्यायाधीश नाही, आमदार नाही, विरोधी पक्ष नाही. गोव्यासारख्या छोट्या राज्यात, जिथे हे सगळे अधिकारी एकाच केडरमधले आणि बहुधा एकाच इमारतीतले, तिथे हा आढावा कितपत स्वतंत्र राहील? आणि कामासाठी लागणार नाहीत ते कागद दर सहा महिन्यांनी नष्ट करायचे, असा नियम. त्यामुळे किती आदेश निघाले, एवढा आकडाही मागे उरेलच असे नाही.

एक उजेडाची जागा आहे. ऑक्टोबर २०१९ मध्ये, लिस्बनचा निकाल येऊन महिना होतो न होतो तोच, मुंबई उच्च न्यायालयाने विनीत कुमार प्रकरणात केंद्रीय गृहखात्याचे फोन टॅपिंगचे तीन आदेश रद्द केले. लाचखोरीचा संशय म्हणजे सार्वजनिक आणीबाणी नव्हे, सार्वजनिक सुरक्षिततेला धोकाही नव्हे, आणि असे बेकायदा मिळवलेले संभाषण नष्ट करा, असे न्यायालयाने बजावले. पर्वरीचे खंडपीठ त्याच न्यायालयाचे आहे, म्हणून तो निकाल गोव्यालाही लागू होतो. त्या आरोपीला दाद मागता आली ती तरी कशामुळे? खटला होता, त्यात टॅपिंगचे कागद आले, म्हणून. ज्याच्यावर कधी खटलाच होणार नाही, त्याला हा निकाल असून उपयोग नाही.

संसदेत प्रयत्न झालेच नाहीत असे नाही. २०११ मध्ये मनीष तिवारी यांनी आयबी, रॉ आणि तांत्रिक संस्थेला कायद्याच्या चौकटीत आणणारे खासगी विधेयक मांडले. संसदेची देखरेख समिती, तक्रारींसाठी न्यायाधिकरण, लोकपालासारखा अधिकारी, असे सगळे त्यात होते. ते पुढे गेले नाही. खासगी सदस्याचे विधेयक कायदा झाल्याची शेवटची वेळ १९७० ची. २०१६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने, हा विषय संसदेचा आहे, म्हणून गुप्तचर संस्थांवर देखरेख मागणारी जनहित याचिका फेटाळली. २०१८ मध्ये न्यायमूर्ती श्रीकृष्ण समितीने माहिती संरक्षणावरच्या अहवालात गुप्तचरांवर पुरेशी देखरेख नसल्याची नोंद केली. २०२१ मध्ये पेगासस या फोनमध्ये शिरून हेरगिरी करणाऱ्या सॉफ्टवेअरचे प्रकरण आले. सर्वोच्च न्यायालयाच्या समितीने तपासलेल्या २९ फोनपैकी पाचांत घातक सॉफ्टवेअर सापडले, पण ते पेगाससच असल्याचे सिद्ध झाले नाही, आणि केंद्राने सहकार्य केले नाही, असे न्यायालयात सांगितले गेले. संसद, न्यायालय, समिती, तिन्ही ठिकाणी प्रश्न विचारून झाला आणि तिन्ही ठिकाणी तो दुसऱ्याकडे ढकलला गेला.

गोवा विधानसभेला आयबीसाठी कायदा करता येणार नाही. तो विषय केंद्राच्या यादीत आहे, दूरसंचारही तिथेच. पण गोव्याचे पोलीस, त्यांची विशेष शाखा आणि राज्याच्या गृहसचिवांचे आदेश हे राज्याचेच काम. ४० आमदारांपैकी कोणीही प्रश्नोत्तराच्या तासाला विचारू शकतो: मागच्या वर्षी राज्याच्या गृहसचिवांनी फोन ऐकण्याचे किती आदेश दिले? तातडीच्या नावाखाली महानिरीक्षक दर्जाच्या अधिकाऱ्याने किती दिले आणि त्यांतले किती कामकाजाच्या सात दिवसांत कायम झाले? आढावा समितीच्या बैठका नियमाप्रमाणे दर दोन महिन्यांनी झाल्या का? समितीने किती आदेश चुकीचे ठरवले? पोलीस अधीक्षकांच्या पत्रावर किती लोकांच्या सीडीआर काढल्या गेल्या? यांत कोणाचे नाव नाही, कोणत्या तपासाला धक्का नाही, फक्त आकडे आहेत. उत्तरात शून्य आले तरी ते सभागृहाच्या कामकाजात नोंदले जाईल, आणि पुढच्या वर्षी तोच प्रश्न पुन्हा विचारता येईल. लोकसभेत गोव्याचे दोन खासदार आहेत. हेच आकडे देशपातळीवर मागणे आणि टेहळणी संपल्यावर नागरिकाला कळवण्याचे कलम दूरसंचार कायद्यात घाला अशी दुरुस्ती सुचवणे, एवढे त्यांना पुढच्या अधिवेशनातच करता येईल.